आत्याला विचारावं लागत नाही

ओमारू गावातल्या आमच्या टोंगन, म्हणजे टोंगा बेटांवरून आलेल्या लोकांच्या, वस्तीत माणसं एकतर मांसाच्या कारखान्यात पाळीवर, नाहीतर पाळीवरून येऊन झोपलेली. त्यातून लेसिएली निघाली ड्युनेडिनच्या विद्यापीठात, आणि शिकायला काय, तर वैद्यकीय नीतिशास्त्र. तिची आई चर्चमध्ये सांगायची, पोरगी डॉक्टरांना चांगलं वागायला शिकवणार आहे. आम्ही हसायचो. मी त्यांची शेजारीण, मला हसायला फारसं कारण लागत नाही.

मग तिच्या लोसा आत्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. आमच्यात आत्या घरात सगळ्यांच्या वरची. भावाच्या मुलांच्या ताटातलं, अंगावरचं, काहीही तिचंच; ती मागत नाही, घेते. त्यामुळे किडनी कोण देणार यावर चर्चा झालीच नाही. लेसिएलीला मधुमेह, म्हणून ती बाद. राहिला तिचा थोरला भाऊ मानासे.

त्याच्या तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी घरी कळवलं, याची किडनी चालणार नाही. रडारड झाली, प्रार्थना झाली, सगळ्यांनी मान्य केलं. लेसिएलीला मात्र ते पटेना. देणाऱ्याला डॉक्टर एकट्याला बसवून विचारतात, आणि तो नको म्हणाला तर त्याला सांभाळून घ्यायला घरी ‘चालणार नाही’ एवढंच कळवतात, हे ती वर्गात शिकली होती. ही घरच्यांची शुद्ध फसवणूक आहे, असा सणसणीत निबंधही तिने लिहिला होता; प्राध्यापकांनी तो वाचून दाखवला होता. कपडे वाळत घालता घालता तिने मला हे सांगितलं आणि तिथेच रडायला लागली. भावाला विचारायची सोय नव्हती. आमच्यात बहीणभाऊ शरीराबिरीराचं बोलत नाहीत, एका खोलीत टीव्हीसुद्धा बघत नाहीत. आणि बाहेर फुटलं असतं तर मानासेला या गावात कुणी दारात उभं केलं नसतं.

तो रविवारी जेवायला येईनासा झाला. जादा पाळ्या घ्यायचा.

एका रविवारी चर्चनंतर लेसिएलीच्या घरी आम्ही लू उघडत होतो, अळूच्या पानांत खारं मांस आणि नारळाचं दूध बांधून भाजलेलं. आत्याला अळू बंद. ती नुसत्या वासासाठी स्वयंपाकघरात येऊन बसली होती आणि लेसिएली तिचे सुजलेले पाय चोळत होती.

"तू हेच शिकतेस ना गं?" आत्या म्हणाली. "डॉक्टर खोटं सांगतात का कधी?"

मी पुढचं पान सोडवायला घेतलं.

"नाही, आत्या." लेसिएलीने मान वर केली नाही.

"म्हणजे मानासेची खरंच चालली नसती."

"नसती चालली."

तो निबंध लिहिणारी पोरगी हीच का, असं मला वाटलं. राग मात्र नाही आला.

आत्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "खोटं बोलायला काही शिकवत नाहीत वाटतं तिथे," ती म्हणाली. मग तिने लेसिएलीचे पायांवरचे हात थांबवले. "मी त्याला विचारलंच नव्हतं गं. आत्याला विचारावं लागत नाही ना."

लेसिएली तिच्या गुडघ्यावर डोकं टेकून हमसत होती. आत्याने मला हाताने जवळ बोलावलं आणि त्यातला सगळ्यात मोठा लू दाखवला.

"हा गरम आहे तोवर मानासेला नेऊन दे. आणि पुढच्या रविवारी येशील का, म्हणून विचार. विचार हं. सांगू नकोस."