अव्याचं रिव्हॉल्व्हर

मेधावहिनींचा फोन आला तेव्हा मी सिंगापुरात वुडलँड्सला घराखालच्या हॉकर सेंटरमधल्या टपरीवर कॉफीच्या रांगेत उभा होतो. "दिलीपभावजी, अविनाश गेला," एवढंच त्या म्हणाल्या. सकाळी पुंगोलच्या पाण्याकाठी फिरायला गेला, दम लागला म्हणून बाकावर बसला, तो बसलाच... माझा नंबर आला, मी कॉफी घेतली, पैसे दिले आणि कप तिथेच विसरून निघालो. त्याला आता दीड महिना होईल. रॅफल्स प्लेसच्या बँकेतला त्याचा हुद्दा, इथल्या मराठी मंडळींसाठी त्याने केलेली धावपळ, यावर शोकसभेत सगळे बोलले. त्याच्या रिव्हॉल्व्हरबद्दल मात्र कुणीच बोललं नाही.

अव्या बँकेत जोखीम मोजायच्या खात्यात होता आणि घरीही तेच करायचा. लख्ख ऊन असलं तरी बॅगेत छत्री, आणि एमआरटीच्या मेट्रोत दार बंद होण्याची सूचना वाजू लागली की हा पुढच्या गाडीची वाट पाहणार. अशा माणसाने पन्नाशीत जाहीर केलं, की मला एक सिंगल अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हर घ्यायचंय, अधूनमधून नेमबाजी करायला. कॉलेजात एनसीसीच्या कॅम्पात पाच गोळ्या झाडल्या होत्या, तेवढंच भांडवल. मी विचारलं, मारायचंय कुणाला, साहेबाला की उंदराला? तो हसलासुद्धा नाही. आमचं असंच होतं. आम्ही सिंगापूरला नवे आलो तेव्हा एका फ्लॅटमध्ये राहायचो. तेव्हापासून तो काहीही करो, मी टोमणा मारायचा आणि त्याने शांतपणे ऐकून घ्यायचं. त्याला चांगलं म्हटलेलं मला आठवत नाही.

या देशात बंदूक घेणं म्हणजे गंमत नव्हे. नेमबाजीच्या क्लबचं सभासदत्व, परवाना, चौकशा... वर्ष गेलं. विक्रेता म्हणत होता, नवं पिस्तूल घ्या, चाप दाबत राहा, गोळ्या सुटत राहतात. अव्याने क्लबातल्या एका म्हाताऱ्या चिनी सभासदाचं जुन्या घडणीचं, लाकडी मुठीचं रिव्हॉल्व्हर घेतलं. त्यात दर गोळीआधी अंगठ्याने घोडा मागे ओढावा लागतो, नुसता चाप दाबून काही होत नाही. "याला घाई चालत नाही, दिल्या," तो म्हणाला. "दर वेळी विचारतं, नक्की ना?" त्याला त्यातलं काय आवडलं असेल ते मला तेव्हाच कळलं.

घेतलं खरं, पण ते घरी आणता येत नव्हतं. ते क्लबच्या कुलपात राहायचं. खंडेनवमी आली. शस्त्र असून त्याची पूजा नाही, हे अव्याच्या मनाला पटेना. क्लबात हळदकुंकू न्यायचं त्याच्या मनात होतं, पण लेक म्हणाली, "बाबा, कॅनॉट लाह, दे विल थिंक यू आर मॅड." मग त्याने देवापुढे परवान्याचा कागद ठेवला आणि त्यालाच हळदकुंकू वाहिलं, वर झेंडूचं फूल. परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी कचेरीच्या खिडकीवरच्या बाईंनी कागदावरचा लाल डाग बघितला आणि याच्याकडे बघितलं. पूजा म्हणजे काय हे त्यांना समजावण्यात याची अर्धी सकाळ गेली. पुढच्या वर्षापासून तो झेरॉक्सची पूजा करायचा.

दोनेक वर्षांनी त्याचा हात थरथरू लागला. डॉक्टर म्हणाले, कंपवाताची सुरुवात आहे, आधी डावा, उजव्याला वेळ आहे. क्लबातून परतताना बसमध्ये त्याने मला हे सांगितलं आणि एक काम माझ्या गळ्यात घातलं. "स्वतःचा हात स्वतःला कळत नाही. माझ्या हातात ते धोक्याचं आहे असं वाटेल त्या दिवशी तू सांगायचंस. मी वाद घालणार नाही." मी कबूल झालो. त्यानंतर तो जाईल त्या प्रत्येक रविवारी मी सोबत जायचो, काचेमागे बसायचो. सहा गोळ्या झाल्या की तो वळून बघायचा आणि मी ठरलेलं काहीतरी वाकडं बोलायचो. भिंतीला लागली म्हणजे दिशा बरोबर आहे, वगैरे.

आणि मग तो रविवार आला. पाचव्या गोळीला घोडा ओढतानाच नळी खाली गेली आणि गोळी निशाणाच्या कागदापर्यंत न पोचता जमिनीत घुसली. तिथला अधिकारी पुढे आला, "अंकल, यू ओके?" अव्या ओके म्हणाला. सहावी गोळी त्याने झाडलीच नाही, काढून ठेवली. बसमध्ये माझ्या शेजारी बसला. मग म्हणाला, "कसा होता आज हात?" सांगायचा दिवस तोच होता. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. "छान होता," मी म्हणालो. तो बरं म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत राहिला.

आठवड्याभरात त्याने रिव्हॉल्व्हर क्लबमार्फत विकायला काढलं. जाण्यायेण्याचा कंटाळा येतो, म्हणाला. मी सुटलो असं मला वाटलं, आणि त्याचीच लाज वाटत राहिली. एवढ्या वर्षांत त्याने एकच गोष्ट मागितली होती. नशीब म्हणून कुणाला इजा झाली नाही. पुढे दीड वर्ष आम्ही भेटत राहिलो, पण तो विषय मी कधी काढला नाही.

गेल्या रविवारी पुंगोलला गेलो तेव्हा हे सगळं वहिनींना सांगून टाकलं. शब्द दिला होता आणि वेळ आल्यावर खोटं बोललो, म्हणालो. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"पण तुम्ही तर सांगितलंत की," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी बूट काढता काढताच अविनाश म्हणाला, आता बंद, दिल्याने सांगितलं. मी विचारलं, काय म्हणाले भावजी? तर म्हणाला, छान म्हणाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा."