शून्य कॅरेटवाले

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढे जमेल की नाही, सांगता येत नाही. गाढवपणा सगळेच करतात हो, पण मी तो रीतसर शिकून, तक्ते काढून, टाळ्या घेऊन केला!

मी बेंगळुरूला शिकत होते. धंदा आणि माहिती तंत्रज्ञान, दोन्ही एकाच पदवीत. शेवटच्या वर्षी एखादा चालता धंदा धरायचा, त्यात काय वाया जातं ते शोधायचं आणि कॉम्प्युटरच्या मदतीनं ते थांबवायचं, असा प्रकल्प होता. बाकीच्यांनी मोठमोठ्या कंपन्या धरल्या. मी म्हटलं, छे! मी गावासाठी शिकतेय! मी वडिलांचा टेम्पो धरला.

आमचं गाव कळस. वडिलांना सगळं गाव तात्या म्हणतं, मीही. ते सकाळी लवकर गावातल्यांची वांगी, भेंडी, टोमॅटो कॅरेटमध्ये, म्हणजे प्लास्टिकच्या खोक्यांत, गोळा करून बारामतीच्या मार्केट यार्डात पोचवतात. आदल्या दुपारी चार वाजता एकेकाला फोन करून विचारायचं, उद्या किती कॅरेट? काम एवढंच.

सुट्टीत मी घड्याळ लावून त्यांच्या शेजारी बसले. त्या दिवशी कालव्यापलीकडच्या वस्तीवरच्या आबांना फोन लागला. माझ्या कानावर सगळं येत होतं.

"आबा, जेवला का?"

"जेवलो की."

"काय केलं हुतं?"

"पिठलं."

"आवो, कालबी पिठलंच!"

"मग? माझ्या हाताला तेवढंच जमतंय."

मग आबांचा गुडघा. मग कालव्याचं पाणी. मग कुणाच्या तरी म्हशीला झालेली रेडी. अकरा मिनिटं! आणि शेवटी, "बरं, कॅरेट किती?"

"न्हाय बा."

"बरं बरं. उद्या करतो."

मी घड्याळ बंद केलं. "तात्या, आबांचा माल कधीपासून नाही?"

"म्हातारी गेली तवापासनं. रान पुतणे बघत्यात."

"मग रोज फोन कशाला?"

तात्या गडबडले. "कशाला म्हंजे? चार वाजत्यात की!"

सापडलं! वाया जाणारं नेमकं सापडलं! आठवड्यात मी मेसेजची सोय केली. मालवाल्यांना चार वाजता मेसेज जाणार, त्यांनी कॅरेटचा आकडा दाबायचा, उत्तर नाही आलं तरच तात्यांनी फोन करायचा, संपलं. आता, तात्या फोनमध्ये नावं साठवत नाहीत. सगळे नंबर तोंडपाठ. म्हणून माझी यादीही नुसत्या नंबरांची. त्यांच्या फोनमधले सुट्टीआधीपासूनचे रोजचे कॉल काढले, प्रत्येकापुढे कॅरेटचा आकडा मांडला आणि शून्यवाल्यांवर एका झटक्यात लाल रेघ मारली. कोण ते बघितलंसुद्धा नाही. छापलेली यादी टेम्पोत डकवली.

"पोरी, रेघ मारलेल्यास्नी फोन न्हाय करायचा?"

"एकही नाही! नाहीतर माझे आकडे बिघडतील."

तात्यांनी यादीवर बोट ठेवलं. "दोघांस्नीबी?"

"दोन असोत नाहीतर वीस. शून्याला फोन करायचा नसतो, तात्या!"

"बरं," ते म्हणाले. "तू शिकलेली हायस."

मी बेंगळुरूला परतले. महिनाभर सगळे आकडे तिथूनच बघितले. तात्यांची अख्खी दुपार मोकळी झाली होती! सगळ्यांसमोर मांडणी करताना मी दर वाक्यात 'माझं गाव' म्हटलं. टाळ्या पडल्या. पदवीचं काम संपवून मी कायमची घरी आले, आणि दुसऱ्या सकाळी माझं यश बघायला टेम्पोजवळ जाऊन उभी राहिले.

माल चढत होता. तेवढ्यात कालव्याकडून आबा येताना दिसले. लंगडत, डोक्यावर कॅरेट. खाली ठेवलं तेव्हा बघितलं, तळाला सात लिंबं. दारातल्या झाडाची.

"पयल्यांदा वाटलं, फोनच बिघडला," आबा मला सांगायला लागले. "बारामतीला जाऊन बॅटरी बदलली. तरीबी वाजंना. परत गेलो. दुकानदार म्हनला, फोन ठणठणीत हाय, आबा, कुणी करतच न्हाय तुमाला. मग वाटलं, तात्या रुसला. कवातरी त्यानं बैल मागितला, मी दिला न्हवता. त्ये धरलं मनात म्हटलं. मग कळलं, आता माल आसल त्यालाच इचारत्यात." त्यांनी कॅरेट माझ्याकडे सरकवलं. "एक कॅरेट लिव, पोरी. भरल्यालं न्हाय, पण लिव. म्हंजे तुझा बा फोन करंल."

तात्या पाठ फिरवून दोर आवळत राहिले. आधीच आवळलेला दोर. मग तसंच पाठमोरे म्हणाले, "आबा, जेवला का?"

"सकाळच्या सात वाजता?" आबा म्हणाले, आणि हसता हसता उपरण्यानं डोळे पुसायला लागले.

मला तिथं उभं राहवेना. यादी फाडायला टेम्पोत चढले. दोन लाल रेघा. एक आबांची असणार.

"तात्या, यातला एक आबांचा, दुसरा कुणाचा?"

त्यांनी खिडकीतून आत बघितलं. "तुझाच की. बंगळूरचा."

माझा! मला स्वतःचा बेंगळुरूचा नंबर कुठं पाठ आहे?

"आबाचा झाला की रोज तुला लावायचो. तू म्हणायचीस, तात्या, कामाचं काय ते बोला. कामाचं काय नसायचंच." त्यांनी यादीवरची रेघ बोटानं दाखवली. "तू रेघ मारलीस. म्हटलं, परीक्षा आसंल."



आबांना पहिल्याच दिवशी चार वाजून गेल्यावर कळलं होतं, की आज फोन आला नाही. मला महिनाभर कळलंच नव्हतं. उलट मैत्रिणीला मी म्हणाले होते, हल्ली दुपारी अभ्यास छान होतो!

यादी मी फाडली नाही. पेन काढलं आणि आबांच्या नंबरापुढचं शून्य खोडून एक केलं. आता त्या यादीत शून्य कॅरेटवाली मी एकटीच आहे.