कानवाला शांत झाला तेव्हा

कानवाल्याने ओरडायचं सोडलं आणि त्याची बायको घाबरली.

कढया-पातेल्यांचे तुटलेले कान काढून नवे ठोकून द्यायचे, हा त्याचा धंदा. तापट असा, की रिबीट वाकडं बसलं तर त्या रिबिटाच्या सात पिढ्या उद्धरायचा. घरीही तेच. "चहा आहे की भांडी धुतलेलं पाणी?" असा त्याचा दिवस उजाडे.

महिन्याभरात मात्र माणूस बदलला. ती काही बोलली की आधी गप्प, मग टक लावून बघणार, मग मऊ आवाजात, "बरं. पटलं."

"वहिनी," नणंद कुजबुजली, "दादा इतका गोड एकदाच बोलला होता. माझी बाहुली फोडली तेव्हा."

झालं! बायकोने त्याचे शर्ट हुंगले. भांडी सांधायच्या डाखाशिवाय कसलाच वास नाही. मग दुकानात जाऊन तिने जोडी-जोडीने लावलेली कानांची पेटी मुद्दाम उलटी केली. कानवाला खाली बसला आणि चक्क गुणगुणत जोड्या जुळवू लागला.

गुणगुणत! तिचा धीर सुटला. "कोण आहे ती?"

"ती नाही गं, तो. आणि त्याला मरून दोन हजार वर्षं होत आली."

थाप तरी जरा बरी मारावी माणसाने!

"खरंच. लायब्ररीतल्या बाई पातेलं घेऊन आल्या होत्या, त्यांनी सांगितलं. एक ग्रीक तत्त्वज्ञ म्हणायचा, प्रत्येक गोष्टीला दोन कान असतात. एक धरला तर ती उचलता येते, दुसरा धरला तर नाही. भाऊ वाईट वागला तर त्याचं वागणं धरू नये, तो भाऊ आहे हे धरावं. मी मेला रोज तापलेलाच कान पकडायचो. आता थांबतो, बाजू बघतो."

"बाईंनी सांगितलं?"

"सत्तरीच्या आहेत त्या!"

"मी वय विचारलं? वीस वर्षं मी तेच सांगतेय, ते नाही पटलं. बाईंचं मात्र एका पातेल्यात पटलं!"

तो थांबला. टक लावून बघितलं. कपाळावरची शीर उडू लागली.

"अगं बये, तुझ्यासाठीच चाललंय ना हे सगळं! पण तुला धरायचं कुठून? चहूबाजूंनी चटका!"

टांगलेल्या कढया थरथरल्या. तिला एकदम बरं वाटलं. हा नवरा ओळखीचा होता. ती शेजारी बसून जोड्या लावू लागली.

"चुकलो," तो पुटपुटला. "ओरडायला नको होतं."

तिने डोळे बारीक केले. "त्या पातेल्याचे दोन्ही कान पक्के बसवलेत ना? की बाईंना परत यावं लागणार आहे?"