रमीची पेशंट

पत्त्यांपायी आमचे मोठे दीर वावरात कधी दिसायचे नाहीत. तरी सासूबाई म्हणायच्या, "पुरुषाची जात हाय, खेळायचीच." शेवटी दिरांना नगरच्या व्यसनमुक्ती केंद्रात नेलं, तेव्हा निम्मी भावकी जीप करून गेली. बेलापूरला परत आल्यावर त्यांना ओवाळलं. अहो, ओवाळलं!

मी मोबाईलवर पैसे लावून रमी खेळायचे. कणीक मळता मळता, भाजी फोडणीला टाकून, संडासात बसून. सगळं चोरून. सुटेना, तेव्हा मीच आमच्या यांना म्हणाले, मलापण तिकडं न्या. हे चवताळलेच. "बाईमाणूस आन् जुगार? लोक तोंडात शेण घालतील." आठ दिवस हातापाया पडले, तेव्हा कुठं तयार झाले. घरात सांगितलं काय, तर माझी कंबर दाखवायला चाललोय.

केंद्रातल्या डॉक्टरांनी आम्हा दोघांना बघितलं आणि सरळ यांनाच विचारलं, "किती दिवसांपासून खेळता?" मी तोंड उघडणार, तोच हे म्हणाले, "दोन वर्षं झाली."

मी बघतच राहिले. ज्या माणसाला गुलाम कुठला आणि राजा कुठला ते कळत नाही, तो जुगारी व्हायला तयार, पण बायको पेशंट चालेना! मला बाहेर बाकावर बसवलं. शेजारच्या बायकांनी पाठीवरून हात फिरवला. "नशीब असतं गं एकेकीचं." एकीनं चिवडासुद्धा दिला. माझं डोकं असं फिरलं होतं! आत माझ्यासाठीचं सगळं हे ऐकून घेत होते, आणि पुन्हा मला इथं कोण आणणार होतं?

तासाभरानं मला आत बोलावलं. डॉक्टरांनी यांचा मोबाईल माझ्या हातात ठेवला. "ताई, आजपासून हा तुमच्या ताब्यात. बँकेचे पासवर्ड बदला, आणि यांना सांगू नका."

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. मग त्या आनंदाचीच भीती वाटली. मी मोबाईल टेबलावर टाकला. "डॉक्टर, खेळते ती मी."

डॉक्टर यांच्याकडं वळले. "खरं आहे का हो?"

"त्यांना काय विचारता?" मी ओरडलेच. "लेकरू तापानं फणफणलं होतं, आन् हातातला डाव टाकून उठले न्हाई, ती मी. मला विचारा."