दवनीवाड्याकडचा न तोडलेला शब्द

माझ्या विद्यार्थिनीचं, सुमित्राचं, कार्ड आलं आणि मी त्याच आठवड्यात नागपूर सोडलं. गावचे सरपंच पंचायतीत कारकुनी द्यायला तयार आहेत, नाहीतर होळीनंतर लग्न, एवढंच तिने लिहिलं होतं. तिला इतिहासात एम.ए. करू द्या, असं तिच्या वडिलांना मीच पटवलं होतं. तेव्हा जाणं भाग होतं.

गोंदियापर्यंत पॅसेंजर फार रेंगाळते. प्यायचं पाणी घरून न्यावं. वाटेत इतिहास घेतलेल्या माझ्या मुली आठवत बसले. दोघी शिक्षिका, एक वकिलाकडे लेखनिक, एक पोस्टात. बाकीच्यांची पत्रं नव्या आडनावाने येतात, मग येत नाहीत.

स्टेशनाबाहेर चार आण्यांत पुरीभाजी मिळते, ती खाऊन घ्यावी. पुढे काही नाही. दवनीवाड्याच्या बसमध्ये कंडक्टरने विचारलं, "उधर देखने का क्या है, बहनजी?" मी तिकीट मागितलं. तिथून दोन कोस बैलगाडी. पावसाळ्यात ती रुतते, म्हणून हिवाळ्यातच जावं. धान निघालेल्या शेतांच्या बांध्या दोन्ही बाजूंना उघड्या पडल्या होत्या. सुमित्राचे वडील सोमाजी वाटेवर घ्यायला आले होते. घरी भात आणि लाखोळीची डाळ झाली.

सकाळी सरपंच आले, पत्र्याच्या नळीत जुना मोडी कागद घेऊन. सरपंच, सोमाजी, हे सगळे वरच्या टोल्याचे, वरच्या वस्तीचे. बोडी, म्हणजे गावचा लहान तलाव, त्यांच्याकडे. पाण्यावर खालच्या टोल्याचा दावा, आणि तो तहसिलीत गेलेला. तहसिलीत द्यायला कागदाची बालबोध नक्कल सुमित्राने करायची होती.

मोडीत शब्द तोडत नाहीत, ओळ सलग धावते. नेमक्या ओळीत होतं, ‘बोडीचे पाणी खालचे टोलियास घेऊनदेणे’. घेऊन देणे म्हटलं तर पाणी त्यांचं. घेऊ न देणे म्हटलं तर एक थेंब नाही. मागचंपुढचं काही कळू नये असा कागद फाटलेला.

"घेऊ न देणे. इतकंच लिव," सरपंच म्हणाले. "उद्यापासून पंचायतीत बस."

"दोन्ही होते, भाऊ," सुमित्रा म्हणाली.

सोमाजी हसले, पण ते हसणं बरं नव्हतं. "सोळा वर्सं शिकली अन् एक शबद तोडता नाई येऊन राहिला तुले?"

मी तिला आत चुलीपाशी नेलं. लिहून टाक, म्हटलं. अर्ध्या अक्षराच्या जागेसाठी नोकरी घालवू नकोस.

"बाई, दोन वाचनं असली तर दोन्ही लिहायची, हे तुम्हीच शिकवलं."

"ते परीक्षेसाठी होतं."

हे वाक्य माझं आहे. वगळता आलं असतं, वगळत नाही.

तिने बाहेर येऊन दोन्ही वाचनं लिहिली, एकाखाली एक, आणि खाली सही केली. सरपंचांनी मूळ कागद नळीत सरकवला. नक्कल बाजेवरच राहू दिली आणि सोमाजींना रामराम करून गेले. पंचायतीचं नाव कुणी पुन्हा काढलं नाही.

निघताना सोमाजींनी माझी पिशवी गाडीत ठेवली. "बाई, हे कायले शिकवलं पोरीले?" मी गाडीत चढून बसले. सुमित्रा दारात उभी होती. तिने हात हलवला नाही, मीही नाही.

नागपूरला आल्यावर पहिल्या वर्षाच्या चार मुली इतिहासाचे अर्ज सहीला घेऊन आल्या. पुढे काय करता येतं, हाच प्रश्न. शाळा, कचेरी, दप्तरखाना, वकिली, असं मी नेहमीप्रमाणे सांगितलं. मग कागदावर तो शब्द सलग लिहून वाचायला दिला. तिघींनी झटकन वाचला, घेऊन देणे. चौथी बघत राहिली.

"बाई, यात दोन आहेत."

तिघींचे अर्ज मी सही करून पाठवले. चौथीचा अजून टेबलावर आहे, सुमित्राच्या लग्नपत्रिकेशेजारी. पत्रिका बालबोधात छापलेली आहे. सगळे शब्द नीट तोडलेले.