एकटीसाठी गाडी

पुण्यानुमोदनाच्या पत्रिकेवर दादाच्या नावाआधी ‘कालकथित’ छापलेलं पाहिलं आणि पत्रिका उलटी करून ठेवली. दादाला जाऊन महिना होत आला, मन अजून मानत नाही.

एकोणीसशे ऐंशीच्या आसपास दादा लोहाऱ्यात सहकारी दूध संस्थेचा व्यवस्थापक होता. दुष्काळ पाठ सोडत नव्हता, आणि हा कुठल्याशा मासिकात वाचून भलत्याच गोष्टीनं झपाटलेला... गाड्यांच्या धुरातला न दिसणारा वायू हवेत साचतो, त्यानं पृथ्वी तापते, पिकापाण्याचं नुकसान होतं. मग ते नुकसान वाहतुकीच्या खर्चात का धरायचं नाही? संस्थेचे टेम्पो अर्धे रिकामे धावायचे. “डिझेल, टायर मांडता, तसा धूर बी मांडा,” असं त्यानं भर बैठकीत सांगितलं. चेअरमन हसले. “अरं, धूर वर जातो. त्याचा खर्च कुणाच्या नावावर टाकायचा?”

“पाऊस बी वरूनच येतो की, आण्णा,” दादा म्हणाला. टेम्पो मात्र होते तेवढेच राहिले. त्या धुराची किंमत किती धरायची, हे त्यालाही शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. ज्वारी किती घटेल, विहिरी किती आटतील... बोलता बोलता त्याचं ताट गार व्हायचं.

माझं सासर परंड्याचं, म्हणजे जिल्ह्याचं पार दुसरं टोक. दादा यायचा तो एसटीनंच, गाड्या बदलत, धुळीनं माखून. मी चिडवायची, “माझ्याकडं यायचा धूर किती झाला रे?”

“बस तर येतच हुती. माझ्यानं लई वाढला न्हाय.”

मलाही माहेरी यायला तो कधी जीप करू द्यायचा नाही. एकट्या माणसासाठी आख्खी गाडी म्हणजे त्याच्या लेखी गुन्हाच. तेव्हा राग यायचा. आता वाटतं, तसाच धुळीनं माखलेला दारात उभा राहावा, मी पाण्याचा तांब्या घेऊन पुढं व्हावं... फार आठवण येते त्याची.

महिन्यापूर्वी त्या सकाळी भाच्याचा फोन आला. “आत्या, गाडी पाठवलीय. बाबा म्हणतेत, तिला एसटीची वाट बघू देऊ नका.” दादा गाडी पाठवतोय म्हटल्यावर काय ते कळलंच. वाटभर मागच्या सीटवर एकटी बसून रडले.

खाटेजवळ गेले तेव्हा त्यानं डोळे उघडले. आल्यागेल्याला विचारायचा तेच विचारलं, “कशानं आलीस?”

“गाडीनं. एकटीच.”

त्यानं माझा हात धरला. धुराचं नावही काढलं नाही. म्हणाला, “लई येळ लागला गं.”