डिस्क मारणाऱ्या आपा

आधी गुन्हा कबूल करते. खंडेनवमीला मी कम्प्युटरची पूजा केली. नुसतं फूल वाहून भागलं असतं, पण मी पडले हौशी. शेजारच्या आपांची डिस्क तिथंच होती, तिलाही ओलं हळद-कुंकू लावलं. तेही चकचकीत बाजूला, कारण दुसरीकडं पेनानं नाव लिहिलेलं. नावावर कसं लावायचं? डिस्क ठेवायचा ट्रे बाहेर काढून त्याच्या मधोमधही एक बोट टेकवलं. वय वर्षं पंचेचाळीस. अक्कल किती, ते तुम्ही ठरवा.

कम्प्युटर माझ्या मुलाचा. तो नोकरीसाठी पुण्याला गेला आणि हे धूड माझ्या गळ्यात पडलं. आपा लग्नाआधी फोटो स्टुडिओत कामाला होत्या; त्यांना सगळं येत होतं. म्हणजे यंत्र माझं आणि डोकं त्यांचं. रोज दुपारी, ब्लाउजची शिलाई बाजूला ठेवून त्या यायच्या आणि गल्लीतल्या लोकांना डिस्क मारून द्यायच्या, म्हणजे गाणी नि फोटो कोऱ्या डिस्कवर भरून.

ते सॉफ्टवेअर उघडलं की पडद्यावर तीन चौकोन यायचे: गाणी, डेटा, व्हिडिओ. मी उत्साहानं हाताला येईल तो दाबायची. आपा मात्र आलेल्या प्रत्येकाला आधी एकच विचारायच्या, "लावणार कशावर?" जीपमध्ये, टीव्हीवर, की कम्प्युटरवर? त्याचं उत्तर मिळेपर्यंत माऊसला हात लावायच्या नाहीत. मी एकदा न विचारता मंगळवेढ्याच्या भावाला गाण्यांची डिस्क पाठवली, चुकीच्या चौकोनातून. त्याचा फोन आला, "अक्का, जीप हालती, पण गाणं काय वाजंना. नुसती हवा भरलीस व्हय ह्यात?"

डिस्क जळायला, म्हणजे भरायला, लागली की आपांचा कायदा लागू. "जळतंय तोवर हलायचं नक्को, वैनी." तेव्हा यंत्राला मधेच दुसरं काम सांगितलं तर डिस्क वाया जायची, त्यात लोडशेडिंगची वेळ डोक्यावर. पडद्यावरची पट्टी सरकायची. पन्नास... ऐंशी... नव्याण्णव! मग ट्रे आपोआप सर्रकन बाहेर, वर डिस्क, हाताला कोमट. तव्यावर भाकरी टम्म फुगावी तसा आनंद व्हायचा मला. मी टाळ्याच पिटायची. आपा म्हणायच्या, "टाळ्या मागनं. आदी लावून बघू." बिघडलेल्या डिस्का आम्ही कबुतरं हाकलायला गच्चीवर टांगत होतो. बहुतेक माझ्याच हातच्या. आमची गच्ची लांबून दिवाळीसारखी चमकायची.

त्या साली आपांच्या लेकीचं लग्न झालं. तिचे अब्बा सौदीत ड्रायव्हर. त्यांना रजाच मिळाली नाही. आपांनी चार दिवस बसून लग्नाचा व्हिडिओ कापला, जोडला, डिस्कवर चढवला. मोहोळचा एक ओळखीचा माणूस दसऱ्याच्या संध्याकाळी सौदीला निघणार होता, त्याच्याबरोबर पाठवायची. आपा नेहमी दोन डिस्का मारायच्या. पण तेव्हा दुसरीसाठी घरात एकच उरली होती, पुसून पुन्हा भरता येणारी. ती मी कुणाला न विचारता हादग्याच्या गाण्यांनी भरून टाकलेली. बायकांत मिरवायला नको? वर कम्प्युटरमध्ये जागा करायची म्हणून लग्नाची मूळ फाईलही मीच पुसलेली. लग्नाचं शूटिंग केलेल्या स्टुडिओवाल्यानं आपली टेप कधीच दुसऱ्या लग्नाला वापरली होती. अख्खं लग्न त्या एकाच डिस्कवर उरलं होतं, आणि तिलाच मी हळद-कुंकू लावलं.

दसऱ्याच्या सकाळी आपांनी डिस्क हातात घेतली. खुर्चीवर बसल्या आणि एवढंच म्हणाल्या, "वैनी, ह्यात त्यांची पोरगी होती की."

मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण आपा तशाच उठल्या. पाणी, साबणाचा फेस, माझ्या सासूबाईंच्या जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा. मी पुसायला घेतलं तर हातावर चापट! "भांडं हाय का? गोल गोल नक्को. मधनं कडेला, सरळ."

डिस्क आत गेली, तिच्यातलं लग्न कम्प्युटरवर उतरवून घ्यायला. गुरगुर, गुरगुर. एकसष्ट टक्क्यांवर अडकली. काढली, पुसली, वेग कमी केला, पुन्हा घातली. पुन्हा तिथंच! तेव्हा सॉफ्टवेअरनं विचारलं, वाचता येत नाही तेवढं सोडून पुढं जाऊ का? काय सुटणार, कुणाला ठाऊक. आपांनी डोळे मिटले आणि 'हो' दाबलं. पट्टी हलली. सत्तर! नव्वद! शंभर! मी टाळीसाठी उचललेले हात तसेच धरून ठेवले. आधी लावून बघितलं. निकाह होता. आईच्या गळ्यात पडून रडणारी लेक होती. गेली होती फक्त जेवणाची पंगत, जिच्यात मी जांभळी साडी नेसून कॅमेऱ्यासमोरून उगाच येरझारा घातल्या होत्या.

"नेमकं तुमचंच गेलं बगा!" आपा रडता रडता हसायला लागल्या. मग माझी हादग्याची डिस्क ट्रेमध्ये ठेवून म्हणाल्या, "पुसायचं बटण तुमीच दाबा." दाबलं. आपला हादगा आपल्याच बोटानं बुडवला. तासाभरात तिच्यावर लग्न चढलं, ट्रेच्या मधली हळद पुसायचं घाईत राहूनच गेलं, आणि आम्ही दोघी रिक्षा करून स्टँडवर धावलो.

आता आपा लेकीकडं हैदराबादला असतात. नव्या कम्प्युटरला ट्रेच नाही. नातवानं फोनवर काही पाठवायचं म्हटलं की मी विचारते, "लावणार कशावर?" तो म्हणतो, आजीचं डोकं फिरलंय. फिरू दे. मला मात्र दसऱ्यानंतर आलेला तो फोन आठवतो. आपा सौदीला बोलत होत्या, मधेच रिसीव्हर माझ्या हातात दिला. मी शिव्या खायच्या तयारीनं कानाला लावला. पलीकडून लेकीचे अब्बा म्हणाले:

"वैनी, शादी सगळी बघितली. डिस्कच्या मधल्या गोलाला हळद लागलीया. कुणाला पुसू दिली न्हाई मी. पोरीच्या हळदीला मी नव्हतो की."